दुसऱ्या दिवशीचं पाणी

जालन्यात लग्नाला गेलेला पाहुणा आधी नवरी पाहत नाही, वरण पाहतो. हे कुणी कबूल करणार नाही. पण पंगत बसली की हात भाताकडे जातो आणि नजर वाढप्याच्या बादलीकडे. वरण दाट आहे का, तुपाची धार त्यावर थांबते की खाली बुडते, एवढ्यावर यजमानाची निम्मी अब्रू ठरते. उरलेली निम्मी मंडपवाला आणि बँडवाला वाटून घेतात. अशा गावात चतुराबाईनं सगळी उमर फक्त वरण केलं. पुऱ्या, भाज्या, बुंदी हे दुसऱ्या आचाऱ्यांचं काम. तुरीच्या डाळीच्या पातेल्यापाशी मात्र चतुराबाई, आणि तिथं दुसऱ्या कुणी पळी घातलेली तिला खपत नसे.

ती मूळची घनसावंगीकडची, गोदाकाठच्या एका वस्तीवरची. कडूबाशी लग्न होऊन जालन्यात आली. कडूबा नव्या जालन्यात मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल होता आणि मस्तगडाच्या एका बोळात दोन खोल्यांत त्याचा संसार होता. मोंढ्यातले हमाल वर्षाला भंडारा घालत. एका वर्षी आचारी ऐन वेळी आला नाही, म्हणून कडूबानं बायकोला डाळीपाशी उभं केलं. तेव्हापासून तिचं नाव झालं. पुढं कडूबाची आधी पाठ गेली आणि मग तो. कल्याण नावाचा मुलगा स्टेशन ते जुना जालना रिक्षा चालवायला लागेपर्यंत घर वरणावरच चाललं.

चतुराबाई गोड बोलणारी बाई नव्हती. बरोबरच्या बाया तिला भीत, मंगल कार्यालयांचे मॅनेजर तिला टरकून असत. घाईघाईत कुणी खाण्याचा सोडा पुढं केला की ती म्हणायची, सोड्यानंच शिजवायचं तर मला कशाला बोलवलं, सोड्यालाच सुपारी द्यायची होती. स्वयंपाकाचं काम ठरवण्याला इकडं सुपारी घेणं म्हणतात, मुंबईकडच्या लोकांनी दचकू नये. तर ही सुपारी घेण्याआधी चतुराबाईची एक रीत होती. ती आदल्या दिवशी सकाळी जागेवर जायची, तिथलं पाणी भरून घ्यायची, बरोबर नेलेल्या शेगडीवर मूठभर डाळ चढवायची. उकळ्या आल्या, वेळ झाला, की एक दाणा चिमटीत धरून अंगठ्यानं दाबायची. दाण्याचं पीठ झालं तर सुपारी. दाण्यात कणी राहिली तर यजमानानं पाणी दुसरीकडून आणायचं, नाहीतर आचारी दुसरा पाहायचा. हळद, हिंग, तेलाची धार, सगळ्यांकडं असतं. चतुराबाईची कला पाण्यात होती आणि हे तिला ठाऊक होतं.

ही रीत तिनं काही हौसेनं लावून घेतली नव्हती. ती नवी नवरी होती तेव्हा बोळातल्या आडाला पाणी होतं आणि त्यात डाळ बोट लावताच विरघळायची. मग आड आटला. त्यात लोकांनी आधी निर्माल्य टाकलं आणि नंतर जे हाती येईल ते. नळाला पाणी आठवड्यानं, कधी त्याहूनही उशिरा. मग ज्याला परवडलं त्यानं दारात बोअर घेतला. शेजाऱ्याचा बोअर लागला की आपला आटायचा, म्हणून आपण आणखी खोल जायचं, मग शेजाऱ्यानं आणखी. नव्या जालन्यात लॉज, दवाखाने, थंड पाण्याचे जार विकणारे, मंगल कार्यालयं, सगळ्यांच्या मोटारी दिवसभर जमिनीतून ओढत होत्या. जालना सोने का पालना, असं जुने लोक अजूनही छाती फुगवून म्हणतात. पाळण्यात झोपलेल्याला तहान लागली की काय करायचं, हे त्या म्हणीत नाही. चतुराबाईला एवढंच दिसत होतं की वर्षागणिक डाळ उशिरा शिजते, आणि चांगल्या पाण्याची कार्यालयं कमी होत चाललीत.

साधना तिची सून. मंठ्याकडची, आवाजानं बारीक, हातानं स्थिर. चतुराबाईनं तिला वरण शिकवलं ते रागावून रागावून. फेस कधी काढायचा, जाळ कधी मारायचा, पळी तळाशी कशी फिरवायची, आणि मीठ सगळ्यात शेवटी. मीठ किंवा चिंच आधी पडली तर डाळ निबर होते, हे तर ती पहिल्याच दिवशी शिकली. साधनाला समज आहे, हे चतुराबाईनं मनात केव्हाच मान्य केलं होतं. तोंडानं म्हणायची तिच्यात पद्धत नव्हती. पण गुडघे दगा द्यायला लागले, भट्टीपाशी उभं राहवेना, तेव्हा आपल्यामागं हे काम कुणी करायचं हा प्रश्न तिला रोज पडायचा. साधनानं ते धरलं तर नाव राहणार होतं. नाही धरलं तर वरणाची चतुराबाई तिच्याबरोबरच संपणार होती.

मे महिन्यात रखमाजीच्या थोरल्या मुलीचं, भावनाचं लग्न निघालं. रखमाजी चतुराबाईच्याच मुलखातला, घनसावंगी तालुक्यात उसाची बागायत असलेला आणि आता जालन्यात खताचं दुकान घालून बसलेला. माणूस मोजकं बोलणारा. त्यानं गावाकडची बाई म्हणून मुद्दाम चतुराबाईला बोलावलं. चतुराबाई आदल्या दिवशी सकाळी कार्यालयात गेली, पाणी घेतलं, डाळ चढवली, दाणा दाबला. त्याचं पीठ झालं. तिनं सुपारी घेतली आणि तिथल्या तिथं, बायांच्या देखत साधनाला म्हणाली, उद्या पातेलं तुझं. घरी जाताना साधना रिक्षात पहिल्यांदाच कल्याणच्या शेजारी पुढं बसली.

दुसऱ्या दिवशी डाळ शिजली नाही.

जाळ बरोबर होता. फेस वेळेवर काढला होता. डाळ मोंढ्यातल्या नेहमीच्या दुकानातली, त्याच वर्षाची. तरी मुहूर्त जवळ आला आणि पातेल्यात वर पिवळं पाणी, खाली दाणा न् दाणा वेगळा. साधनानं जाळ वाढवला, झाकण घातलं, झाकण काढलं. शेवटी तिनं पोळ्या लाटणाऱ्या सगुणाबाईला पाठवून सासूला बोलावलं. चतुराबाई खुर्चीवरून उठून आली, पळीनं दाणे वर काढले, दाबले. दाणा निसटून खाली पडला. तिनं पाण्याचा विचारच केला नाही, कारण पाणी तिनं स्वतः पाहिलं होतं.

"मीठ आधी टाकलंस तू," ती म्हणाली.

"न्हाई टाकलं, आत्याबाई."

"मंग डाळ काय रुसली?"

साधनानं पुन्हा सांगितलं, मीठ अजून पुडीतच आहे. चतुराबाईनं पुडीकडं पाहिलंही नाही. कणिक मळणाऱ्या, भाजी चिरणाऱ्या सगळ्या बाया हातातलं काम थांबवून ऐकत होत्या. एवढ्या बायांपुढं चतुराबाईनं सुनेला सांगितलं की तुझ्या हातून व्हायचं नव्हतं, मीच चुकले. मग तिनं स्वतःच्या हातानं, आयुष्यात पहिल्यांदा, पातेल्यात सोडा टाकला. डाळ शिजली म्हणजे फुटली. रंग तांबूस झाला, वास धुण्याच्या साबणाचा आला. पंगतीत नवऱ्याकडच्या एका म्हाताऱ्यानं वाटी नाकाशी नेली आणि हसत हसत शेजाऱ्याला काहीतरी सांगितलं. ते हसू पंगतीच्या टोकापर्यंत गेलं. रखमाजीनं निघताना चतुराबाईला नुसते हात जोडले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घर एकच, चूल एकच. दुसऱ्या दिवसापासून साधनानं एक नवं सुरू केलं. घरी डाळ शिजली की ती मिठाची बरणी आणून सासूपुढं ठेवायची आणि म्हणायची, मीठ तुम्ही टाका. आवाज चढवायची नाही, तोंड फिरवायची नाही. बरणी ठेवायची आणि भाकरी थापायला जायची. चतुराबाई मीठ टाकायची. रोज, दोन्ही वेळा. कधी जास्त पडायचं, कधी कमी, आणि कल्याण मुकाट्यानं खायचा. त्याची गत अडकित्त्यातल्या सुपारीसारखी झाली होती.

पुढच्या सुपारीला साधना आली नाही. तिनं कल्याणला सांगितलं की मी पातेल्यापाशी परत उभी राहणार नाही, आणि एका बियाण्याच्या कंपनीत बी निवडायच्या कामाला लागली. बियाण्याला औषधाचा गुलाबी रंग लावलेला असतो. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तिची नखं गुलाबी असायची आणि साबणानं घासली तरी जायची नाहीत. साबणाला फेसच येत नव्हता, पण त्याचा विचार त्या घरात तेव्हा कुणी केला नाही. चतुराबाई मनाशी म्हणायची, चूक केली ती केली, वर ताठा किती. हे ती स्वतःला इतक्यांदा सांगायची की तिलाच त्याचा कंटाळा आला होता.

पावसाळा गेला, दिवाळी झाली, तुळशीची लग्नं लागली आणि कार्यालयांची दारं उघडली. चतुराबाईच्या सुपाऱ्या कमी झाल्या होत्या, बंद पडल्या नव्हत्या. अंबड रोडच्या एका कार्यालयात मोठा साखरपुडा होता. तिनं आदल्या दिवशी सकाळी पाणी पाहिलं, दाणा मऊ होता. दुसऱ्या दिवशी गुडघ्याला फडकं बांधून ती स्वतः पातेल्यापाशी उभी राहिली. दुसऱ्या कुणाला तिनं जवळ फिरकू दिलं नाही. मिठाची पुडी तिनं सगुणाबाईच्या कनवटीला खोचून ठेवली होती.

आणि डाळ शिजेना. वर पिवळं पाणी, खाली दाणे.

सगुणाबाई समोर उभी होती. तिनं आपली कनवटी चाचपली. दुसऱ्याच्या हातावर आळ घेणं सोपं असतं. स्वतःच्या हातावर कसा घ्यायचा, हे चतुराबाईला कळेना. ती पातेलं सोडून मागच्या अंगणात गेली, कारण तिला कुणाचं तोंड पाहायचं नव्हतं.

अंगणात तन्वीर होता. बोअरच्या मोटारी दुरुस्त करणारा, तिच्याच बोळापलीकडं राहणारा. कार्यालयाची मोटार रात्रभर चालून चालून सकाळी बंद पडली होती आणि त्यानं ती साखळीनं वर ओढून काढली होती. मोटार आणि खालचे पाइप जमिनीवर आडवे पडले होते, आणि त्यांच्यावर चुन्यासारखा पांढरा, कडक थर बसला होता. तन्वीर तो छिन्नीनं फोडत होता. चतुराबाईनं विचारलं, हे काय. तो म्हणाला, पाण्यातला क्षार. पूर्वी असा थर बसायला वर्षं लागायची, आता एका हंगामात बसतो. तिनं विचारलं, पण काल सकाळी तर पाणी चांगलं होतं, मी स्वतः पाहिलं.

तन्वीरनं छिन्नी खाली ठेवली. "मावशी, तुमी सकाळचं पाणी पाहता," तो म्हणाला. "ते रातभर वरून झिरपून साचलेलं असतं. पावसाचं, नवं. सकाळी मोटार चालू झाली की आधी ते येतं. लग्नाच्या दिवशी कूलर, न्हाण्या, टाक्या, मोटार बंदच होत न्हाई. वरचं संपलं की खालचं येतं. ते किती वर्षांपासून खडकात बसून आहे देव जाणे. बसून बसून चुना, क्षार सगळं पिऊन घेतलंय त्यानं."

बाकीचं त्यानं काम करता करता सांगितलं. हे काही त्याच्या डोक्यातलं नव्हतं. सरकारी भूजलवाले पाण्याच्या बाटल्या भरून न्यायला येत, त्यांच्याकडून त्यानं ऐकलं होतं आणि मग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. एका कार्यालयानं ओढलं तर एवढं होत नाही. पण सगळं शहर एकदम ओढतं, त्यामुळं वरचा थर उन्हाळ्याआधीच रिकामा होतो. मग लोक पाइप वाढवून मोटार आणखी खाली सोडतात, की आणखी जुनं, आणखी जड पाणी वर येतं. आणि रिकाम्या झालेल्या जागेत आजूबाजूचं जे असेल ते शिरतं, त्यात नाल्यांचंही आलं. त्यामुळं एकाच बोअरचं पाणी सकाळी एक आणि दुपारी एक. जड पाण्यात डाळ शिजत नाही, साबण फेसत नाही, आणि त्याचं दुकान मात्र छान चालतं, असं म्हणून तो हसला.

चतुराबाईला हसू आलं नाही. तिनं विचारलं, मे महिन्यात रखमाजीकडचं लग्न झालं, त्या कार्यालयात काय होतं.

"ती मोटार मीच खाली सोडली होती," तन्वीर म्हणाला. "लग्नसराईच्या तोंडाशी. वरचं पुरेना म्हून."

त्या दिवशीच्या पातेल्याचं तिनं काय केलं ते फारसं सांगण्यासारखं नाही. जारचं पाणी आणवून अर्ध्या लोकांपुरतं वरण नव्यानं केलं आणि उरलेल्यांना कढी गेली. ती घरी आली तेव्हा साधना कामावरून येऊन हात धूत होती. चतुराबाईनं चपलाही काढल्या नाहीत. तिनं सांगितलं, डाळ आज माझ्याच हातून शिजली नाही, पाणी होतं, तन्वीरनं सगळं समजावून सांगितलं, तेव्हाही पाणीच होतं, तुझं मीठ नव्हतं. एवढं बोलणं तिला फार जड गेलं. तिला वाटलं की आता सून रडेल किंवा भांडेल, आणि दोन्हीची तिची तयारी होती.

साधनानं हात पुसले. "तन्वीरभाईनं सांगितलं तवा तुम्हाला पटलं," ती म्हणाली. "मी सांगितलं तवा न्हाई पटलं."

मग तिनं भाकरीचं पीठ काढलं. चतुराबाई दारात तशीच उभी राहिली. तिला लाज वाटली, साधी, उघडी लाज, आणि ती तिला फारशी ओळखीची नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं सगुणाबाईला आणि त्या दिवशीच्या बाकीच्या बायांना घरोघर जाऊन सांगितलं की मीठ पडलं नव्हतं, चूक माझी होती. बायांनी चहा पाजला, व्हय व्हय म्हणाल्या. साधनाला हे कळलं तेव्हा ती म्हणाली की बरं झालं. पण मिठाची बरणी संध्याकाळी पुन्हा सासूपुढं आली. चतुराबाईला कळलं की माफी मागून हे मिटणारं नाही, आणि काय केल्यानं मिटेल ते तिला ठाऊक नव्हतं.

संक्रांतीनंतर तिनं साधनाला म्हटलं, वरण करू नकोस, फक्त पाणी पाहायला चल. वरण मी करीन. पाण्याचं तू सांगशील ते. तिसऱ्या दिवशी साधना कंपनीत खाडा करून, पदर खोचून रिक्षात बसली, मागं. तिनं जुनी रीत मोडली. कार्यालयात गेल्यावर ती आधी मोटार चालू करायला लावायची आणि तिथंच अंगणात बसून राहायची. टाकी भरून वाहायला लागली तरी बंद करू द्यायची नाही. मॅनेजर लाइटबिलाच्या नावानं ओरडायचे. वाहून जाणारं पाणी ती बागेला, झाडांना, शेजारच्या गुरांच्या हौदाला सोडायला लावायची. दुपार उलटली की मग येणारं पाणी घ्यायचं आणि त्यात डाळ चढवायची. किती तरी कार्यालयांना तिनं नकार दिला. जिथं हो म्हटलं तिथं वरण झालं. मिठाची बरणी पुढं यायची कधी बंद झाली ते दोघींनाही आठवत नाही. पातेल्यापाशी मात्र साधना अजून उभी राहत नव्हती.

उन्हाळ्याच्या तोंडाशी रखमाजी स्वतः मस्तगडात आला. बोळात गाडी शिरेना म्हणून चालत आला आणि ओट्यावर बसला. धाकटी मुलगी तृप्ती, तिचं लग्न. त्याच कार्यालयात, कारण दुसरीकडं तारीख मिळेना. तो म्हणाला की मागचं झालं ते झालं, वरण तुम्हीच करायचं. चतुराबाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका तिला आनंद झाला. त्याच मंडपात, त्याच माणसाच्या पाहुण्यांपुढं, तोच डाग धुवून काढायचा. असं काही पुन्हा मिळेल हे तिनं मनातही आणलं नव्हतं.

आदल्या दिवशी दोघी गेल्या. साधनानं सकाळपासून मोटार चालू ठेवली. दुपारी डाळ चढली. रखमाजी आणि त्याचे भाऊ बाजूला खुर्च्या टाकून बसले होते. साधनानं दाणा दाबला. पुन्हा एक दाबला. तिनं मान हलवली.

"न्हाई. ह्या पाण्यात वरण व्हायचं न्हाई."

रखमाजी म्हणाला, टँकर मागवतो. साधनानं सांगितलं की टँकरही कुठल्या तरी बोअरवरच भरतो, त्याचंही पाणी आधी दिवसभर पाहावं लागेल, आणि जारचं एवढ्या पंगतींना पुरणार नाही. नळाचं पाणी चांगलं, पण त्या भागाला ते चार दिवसांनी येणार होतं आणि लग्न उद्या होतं. रखमाजीचा भाऊ म्हणाला, पोरीच्या जातीला काय कळतं, चतुराबाई इथं बसल्यात की. रखमाजीनं त्याला गप्प केलं. मग तो चतुराबाईकडं वळला.

"बाई, तुमचा अंगठा काय म्हणतो?"

चतुराबाईनं पातेलीतला दाणा घेतला आणि दाबला. तो मऊ लागला. तिनं दुसरा घेतला. तोही मऊच लागला, अगदी पीठ नाही, पण आणखी एक उकळी आली असती की झालं असतं. इतक्या वर्षांत तिचा अंगठा फार कमी वेळा चुकला होता. साधना तिच्याकडं पाहत नव्हती. ती शेगडी बंद करून पातेली उतरवत होती, आणि तिची पाठ सासूकडं होती.

"अंगठा व्हय म्हणतो, भाऊ," चतुराबाई म्हणाली. "पण सून न्हाई म्हणती. मंग न्हाई."

रखमाजी खुर्चीवरून उठला. मग त्यानं जिल्ह्याबाहेरून येणाऱ्या एका आचाऱ्याला फोन लावला. परत येताना स्टेशनच्या चौकात कल्याणनं रिक्षाच्या आरशातून आईकडं पाहिलं. ती बाहेर पाहत होती.

त्या संध्याकाळी त्या भागातली लाइट गेली आणि सकाळपर्यंत आली नाही. कार्यालयाची मोटार बंद, शेजारच्या लॉजची बंद, सगळ्या गल्लीची बंद. जमिनीखाली वरचं पाणी रात्रभर सावकाश झिरपत राहिलं. लग्नाच्या दिवशी सकाळी लाइट आली, आचाऱ्यानं पाणी भरून घेतलं आणि वरण असं झालं म्हणतात की त्यावर तुपाची धार चालायची आणि बुडायची नाही. लोकांनी दोन-दोनदा मागून घेतलं. कल्याणला हे दुपारीच एका पाहुण्याकडून कळलं आणि त्यानं घरी येऊन आईला सांगितलं. चतुराबाईनं ऐकून घेतलं आणि साधनाला सांगू नको म्हणाली.

पण सगुणाबाई त्या लग्नात पोळ्या लाटायला होती. तिनं संध्याकाळी साधनाला चौकातच गाठलं.

साधना घरी आली तेव्हा चतुराबाई ओट्यावर सूप घेऊन डाळ निवडत बसली होती. साधना तिच्यासमोर उभी राहिली. तिचा आवाज नेहमीपेक्षाही बारीक झाला होता.

"माझं चुकलं, आत्याबाई. पाणी चांगलं होतं."

"चुकू दे," चतुराबाई म्हणाली. "उद्या मंठा रोडचं पाणी पाहायचंय. कवा निघायचं ते सांग."